विहिरीतून बाहेर आलेला माणूस




हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकत आपण सर्वांनी लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. भावांनी कोवळ्या मुलाला विहिरीत टाकले. वाटेने एक काफिला आला. पाणी आणणाऱ्याने बादली सोडली आणि पाण्याऐवजी एक देखणा मुलगा वर आला. ऐकणाऱ्याचा जीव येथे भांड्यात पडतो. पवित्र कुरआन मात्र आपल्याला येथे थांबू देत नाही. ज्यांनी त्या मुलाला वर काढले, त्यांनीच त्याला व्यापाराचा माल समजून लपवून ठेवले आणि पुढे मोजक्या दिरहमांत, अगदी कवडीमोलाने, त्याची विक्री झाली (सूरह यूसुफ, आयत 19 व 20). विकणारे भाऊ होते की काफिल्यातील माणसे, याविषयी मुफस्सिरांमध्ये मतभेद आहेत. पण विहिरीतून बाहेर आलेला तो मुलगा अद्याप मुक्त झालेला नव्हता, याविषयी कोणाचेही दुमत नाही.

माणसाची सुटका नेमकी कधी पूर्ण होते? या प्रश्नावर आज आपणाशी बोलावे असे वाटते. हा प्रश्न केवळ प्राचीन मिसर देशाचा नाही. तो आपल्या मराठवाड्याचा आहे आणि, मला खेदाने म्हणावे लागते, माझ्या मशिदीचाही आहे.

शेजारच्या जिल्ह्यातील विहिरी

लातूरहून मुरुडमार्गे पुढे गेले की धाराशिव जिल्ह्यातील ढोकी लागते. जून 2023 मध्ये या ढोकी पोलीस ठाण्याच्या हद्दीत पोलिसांनी 11 मजुरांची सुटका केली. हे मजूर विहिरी खोदण्याच्या कामावर होते. रोज 12 तास काम, जेवण एक वेळचे, मजुरी काहीच नाही. नैसर्गिक विधीसुद्धा ज्या विहिरीत काम करायचे त्याच विहिरीत उरकावा लागे. काम संपल्यावर पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवले जाई. दलालांनी 2000 ते 5000 रुपये घेऊन एकेक माणूस कंत्राटदारांच्या हवाली केल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यांतील एकजण कसाबसा निसटला, हिंगोली जिल्ह्यातील आपल्या गावी पोहोचला आणि त्याने पोलिसांना हकीकत सांगितली, म्हणून उरलेल्यांचा पत्ता लागला. काही महिने राबवून घ्यायचे आणि मग इतके छळायचे की माणसाने मजुरी न मागताच पळून जावे, अशी ही रीत होती. आरोपींना अटक झाली. त्यांचा निवाडा न्यायालय करील.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी निवेदन केलेली आणि सहीह बुखारीत आलेली एक हदीस आपण ऐकली असेल. तिचा आशय असा की कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह फिर्यादी म्हणून उभा राहील. पहिला, अल्लाहच्या नावाने वचन देऊन ते मोडणारा. दुसरा, स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणारा. तिसरा, मजुराकडून पुरेपूर काम करून घेऊन त्याची मजुरी बुडविणारा. ढोकीच्या त्या विहिरींवर यांपैकी शेवटचे दोन्ही गुन्हे एकाच जागी, एकाच माणसावर घडत होते. ज्या खटल्यात अल्लाह स्वतः पीडिताची बाजू घेणार आहे, त्यात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मी ते स्वतःला विचारले, त्याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण असाच दूरच्या जिल्ह्यात विहिरीच्या कामावर गेला आणि कित्येक महिन्यांनी रिकाम्या हाताने परतला. जुम्याच्या नमाजनंतर लोकांनी त्याला घेरले. कोणी विचारले, किती कमावून आणलेस? कोणी हसून म्हणाला, काम जमले नाही म्हणून पळून आला असेल. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मौलाना, सहा महिने काम केलं, घरी यायला भाड्याचेही पैसे दिले नाहीत." मी त्याला सब्र करण्यास सांगितले. पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या माणसाकडे वळलो. त्याला कोठे ठेवले होते, कोणी नेले होते, अंगावर मार आहे का, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. पुढच्या जुम्याला तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की जुने देणे अंगावर होते, घरात धान्य नव्हते, म्हणून तो दुसऱ्या मुकादमाबरोबर निघून गेला. एका विहिरीतून तो आपल्या बळावर बाहेर आला होता. आम्ही त्याला वर उभे राहायला जागा दिली नाही.

सब्र हा फार मोठा सद्गुण आहे. पण अन्याय सोसणाऱ्याला सब्र शिकवून अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडणे हा त्या शब्दाचा गैरवापर आहे. तो माझ्याकडून झाला.

"तो स्वखुशीने गेला होता"

अशा प्रसंगी पहिला आक्षेप हाच येतो. त्याने स्वतः उचल घेतली, अंगठा दिला, गाडीत बसला. मग त्याला विकले असे कसे म्हणावे?

फिक्हच्या ग्रंथांत याचे उत्तर स्पष्ट आहे. स्वतंत्र माणूस हा 'माल' नाही. त्याची विक्री बातिल आहे, म्हणजे ती मुळात घडलेलीच नाही. ही गोष्ट विकणाऱ्याच्या संमतीवर अवलंबून नाही आणि विकल्या जाणाऱ्याच्या संमतीवरही नाही. माणसाला स्वतःचे घर विकण्याचा अधिकार आहे, पण स्वतःचे स्वातंत्र्य विकण्याचा अधिकार नाही. कारण ते त्याने कमावलेले नाही. निर्माणकर्त्याने त्याला ते अमानत म्हणून दिलेले आहे.

आपल्या देशाचा कायदाही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचला आहे. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी यांना मनाई केली. 1982 साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालात असे तत्त्व मांडले गेले की सक्ती केवळ काठीची नसते. भूक आणि दारिद्र्य यांच्यापुढे दुसरा मार्ग न उरल्याने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच होय. भारतीय दंड संहितेच्या कलम 370 मध्ये 2013 साली बदल झाला आणि 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये आली. पीडिताची संमती होती की नव्हती, हा मुद्दा या गुन्ह्यात गैरलागू आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

येथे मला आपल्या समाजातील एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवले पाहिजे. माणसाची विक्री प्रत्येक वेळी विक्रीच्या नावाने होत नाही, कधी ती निकाहच्या नावानेही होते. 1991 साली हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एका रडणाऱ्या लहान मुलीची विचारपूस एका हवाई सुंदरीने केली, तेव्हा कळले की तिचा 'विवाह' एका वृद्ध परदेशी माणसाशी लावण्यात आला आहे. त्या विवाहालाही कोणीतरी खुतबा वाचणारा होता. मेहर हा मुलीचा हक्क आहे (सूरह निसा, आयत 4). मुलीच्या नावाने आलेला पैसा दलाल, नातेवाईक किंवा बाप खात असेल, तर त्याला मेहर म्हणू नये, किंमत म्हणावे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, 2006 च्या कलम 12 नुसार अल्पवयीन मुलीला फूस लावून, जबरदस्तीने किंवा विकून लावलेला विवाह मुळातच रद्दबातल आहे. परगावचे स्थळ, घाईची तारीख, कागदपत्रे अपुरी आणि मुलीच्या हाती काहीच नाही, असे दिसले की इमाम आणि काझी यांनी निकाहचे रजिस्टर मिटवावे. पाहुणे रुसले तर रुसू द्यावे.

कर्ज फेडणे फर्ज आहे, मग?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो धर्माच्या भाषेत येतो. दसरा सरला की आपल्या भागातून मुकादमांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या कोयत्यामागे आधी उचल दिली जाते. हंगाम संपतो, हिशेब होतो आणि अंगावर बाकी राहते. ती फिटेपर्यंत पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. अशा मजुराला सांगितले जाते की कर्ज बुडवून मरशील तर अल्लाहला काय तोंड दाखवशील? तो मजूर दीनदार असेल तर हे वाक्य त्याच्या पायातील साखळी बनते.

कर्जाची फेड ही इस्लाममध्ये अत्यंत गंभीर बाब आहे, यात शंका नाही. परंतु कर्ज मालावर असते, देहावर नसते. स्वतंत्र माणूस गहाण ठेवता येत नाही. ऋणको अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज सोडून दिले तर ते अधिक चांगले, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह बकरह, आयत 280). शिवाय फुकहांचा एक प्रसिद्ध नियम आहे की ज्या कर्जातून देणाऱ्याला लाभ मिळतो तो लाभ व्याजात जमा होतो. मजुरीतील काही भाग आगाऊ देणे जायज आहे, पण मजुरी वाजवी हवी आणि मजुराला काम सोडण्याची मोकळीक हवी. उचल दिली म्हणून एखाद्याला बाजारात चालणाऱ्या मजुरीपेक्षा कमी दराने राबविले, तर तो फरक म्हणजे कर्जावर घेतलेला लाभच. आपण बँकेच्या व्याजावर तासन्‌तास चर्चा करतो. माणसाच्या घामातून वसूल होणाऱ्या या व्याजाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 ने असे कर्ज नष्ट झाल्याचे जाहीर केले आहे. वेठबिगारीतून सुटलेल्या माणसाकडून ते वसूल करणे हा गुन्हा आहे. म्हणून आपल्या मोहल्ल्यातील कोणी असा अडकला असेल तर त्याच्या मनावरील हे ओझे प्रथम उतरवावे. तो अल्लाहचा गुन्हेगार नाही.

कायदा आहे, तरी उणे काय?

कोणी म्हणेल, मौलाना, कायद्याच्या गोष्टी वकिलांना बोलू द्या. प्रेषितत्वापूर्वीच्या काळात मक्केत एका येमेनी व्यापाऱ्याचा माल घेऊन एका बड्या माणसाने पैसे बुडविले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन याच्या घरी काही कुळांनी पीडिताची बाजू घेण्याचा करार केला. त्यास 'हिल्फुल फुजूल' म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते, आणि इस्लामच्या काळातही अशा करारासाठी आपल्याला बोलावले तर आपण जाऊ, अशा आशयाचे उद्गार त्यांनी पुढे काढले. न्यायाचा कायदा कोणाबरोबर बसून केला, यापेक्षा तो कोणासाठी केला, याला येथे महत्त्व आहे. म्हणून या कायद्यांतील उणिवा समजून घेणे आणि लोकप्रतिनिधींपुढे त्या मांडणे, हे आपलेही काम आहे.

पहिली उणीव शब्दांची. फेब्रुवारी 2013 च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीच्या श्रमाचा स्पष्ट उल्लेख होता. संसदेने संमत केलेल्या कायद्यात तो राहिला नाही. 'शारीरिक शोषण', 'गुलामगिरी' असे शब्द राहिले. नव्या संहितेत भीक मागायला लावण्याची भर पडली, पण सक्तीचे श्रम अजूनही नावानिशी नाहीत. विहिरीवरच्या मजुराला आपले दुःख कायद्यात स्वतःच्या नावाने सापडावयास हवे.

दुसरी उणीव पुनर्वसनाची. मुक्त वेठबिगारांसाठी केंद्राची योजना आहे. पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख, तर अपव्यापार व लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपये, अशी तिची रचना. परंतु तातडीची थोडी मदत वगळता संपूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. खटले वर्षानुवर्षे चालतात. तोपर्यंत सुटलेल्या माणसाने काय खावे? ही सशर्त मुक्ती त्याला पुन्हा मुकादमाच्या दारी नेते.

तिसरी उणीव एकसंध कायद्याची. माणसांच्या अपव्यापाराला प्रतिबंध, पीडितांचे संरक्षण व पुनर्वसन यांसाठीचे विधेयक लोकसभेने जुलै 2018 मध्ये संमत केले होते. ते राज्यसभेत मंजूर झाले नाही आणि 2019 मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. 2021 मध्ये नवा मसुदा आला, पण त्याचा कायदा झाला नाही.

आणि चौथी उणीव आपली, कारण जे आहे तेही आपण वापरत नाही. 1976 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. निलंगा हा उपविभाग आहे. आपल्या उपविभागीय कार्यालयात जाऊन ही समिती शेवटची केव्हा बसली, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार अपव्यापार किंवा वेठबिगारीच्या पीडिताला उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत वकील मिळतो. हे मला त्या जुम्याला ठाऊक असते, तर माझ्या तोंडी सब्रखेरीज आणखीही काही आले असते.

यूसुफ (अ.) तुरुंगातून लगेच का निघाले नाहीत?

आता पुन्हा सूरह यूसुफकडे वळू. वर्षानुवर्षांच्या कैदेनंतर बादशाहाचा दूत यूसुफ (अ.) यांना न्यायला आला. दरवाजा उघडा होता. पण ते निघाले नाहीत. आधी बादशाहाकडे परत जा आणि हात कापून घेणाऱ्या त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करावयास सांग, असे त्यांनी दूताला सुचविले (आयत 50). चौकशी झाली, अजीजच्या पत्नीने स्वतः सत्य कबूल केले, आणि मगच ते बाहेर आले. साखळी निघाली तरी कलंक राहिला तर मुक्ती अपुरी, हे अल्लाहच्या प्रेषितांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

हा कलंक सर्वांत जास्त बसतो तो आपल्या मुली-बहिणींवर. फसवून नेलेली आणि देहविक्रयात लोटलेली मुलगी परत येते तेव्हा तिचे दार बंद होते ते बहुधा घरच्यांकडूनच. मदीन्यात अब्दुल्लाह बिन उबय हा बडा सरदार आपल्या दासींना पैशासाठी याच मार्गाला लावीत असे. सहीह मुस्लिममधील निवेदनांनुसार त्या प्रसंगी कुरआनची आयत अवतरली (सूरह नूर, आयत 33). जबरदस्ती करणाऱ्यांना तिने मनाई केली, आणि जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यासाठी क्षमा व दया जाहीर केली. जिला अल्लाहने दोषमुक्त केले तिला दोषी ठरविण्याचा अधिकार आपल्या मोहल्ल्याला कोणी दिला? आपल्या 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचे कलम 8 अजूनही त्या स्त्रीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकते. हे कलम बदलावे अशी मागणी जरूर करावी. पण घराच्या उंबरठ्यावर आपण लिहून ठेवलेले कलम तर आजच खोडता येईल.

हजरत सलमान फारसी (रजि.) सत्याच्या शोधात निघाले असता ज्या काफिल्यावर त्यांनी विश्वास टाकला त्यानेच त्यांना विकले. गुलामीतून सुटण्यासाठी मालकाने त्यांच्यापुढे खजुराची 300 झाडे आणि 40 औकिया सोने अशी अट घातली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सब्रचा उपदेश करून पाठविले नाही. आपल्या भावाला मदत करा, असे त्यांनी सहाबांना सांगितले. कोणी 30 रोपे आणली, कोणी 20, कोणी 15, ज्याची जशी ऐपत. सर्वांनी मिळून खड्डे खणले आणि प्रेषितांनी (स.) आपल्या हातांनी रोपे लावली. सोन्याची व्यवस्थाही झाली. सलमान (रजि.) मुक्त झाले, आणि पुढे खंदकाच्या लढाईत त्यांच्याच सल्ल्याने मदीन्याचे रक्षण झाले.

आपल्याकडेही रोपे आणता येतील. जकातच्या आठ वाट्यांत मान सोडविण्याचा वाटा आहे (सूरह तौबा, आयत 60). आज तो कसा लागू करावा याविषयी उलमांत चर्चा असली, तरी सुटून आलेला माणूस बहुधा मिस्कीन असतो किंवा कर्जदार, आणि या दोन्ही वाट्यांविषयी शंका नाही. रक्कम त्याच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी. कामावर निघालेल्या प्रत्येकाचे ठिकाण, मुकादमाचे नाव आणि फोन नंबर मशिदीच्या वहीत लिहून घ्यावा. महिनाभर खबर आली नाही तर जमाअतने चौकशी करावी. मूल संकटात असेल तर 1098, स्त्री असेल तर 181 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक मशिदीच्या दारावर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावावेत. आमच्या मशिदीत ते आता लावले आहेत. वहीसुद्धा सुरू केली आहे. तिच्या पहिल्या ओळीवर त्या तरुणाचे नाव आहे आणि त्यापुढचा रकाना अजून कोरा आहे.

हे अल्लाह, जे आज कोणत्या तरी विहिरीच्या तळाशी आहेत त्यांना वर येण्याची वाट दाखव. आणि ते वर येतील तेव्हा आम्ही त्यांना लपविणाऱ्या काफिल्यासारखे नसू, अशी सद्बुद्धी आम्हाला दे. आमीन.